उष्णतेची वाट : चुलवाणापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत

गुऱ्हाळाचे दिवस आले की आमच्या धर्मग्रामातील रस्त्यांना गुळाचा वास येऊ लागतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एका आजारी आजोबांना भेटून परतताना आम्ही वाटेतल्या गुऱ्हाळावर थांबलो. काहील उतरायची वेळ झाली होती. गुळव्याने थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली, मान डोलावली, आणि गड्यांनी काहील वाफ्याकडे न्यायला घेतली. तेवढ्यात बघायला जमलेल्या पोरांपैकी एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर पाक सांडला. शिंतोडा नव्हे, चांगली पळीभर धार.

पुढची दहा मिनिटे आठवली की आजही आम्हांला लाज वाटते. एक जण म्हणाला तूप लावा, दुसऱ्याने कुठूनशी टूथपेस्ट आणली, तिसरा चुना शोधायला धावला. पाण्याची भरलेली टाकी दहा पावलांवर होती; पण 'पाणी लावले की फोड येतात' म्हणून तिच्याकडे कोणी वळले नाही. आणि आम्ही, ज्यांनी शाळा-कॉलेजात उष्णतेचा धडा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण केला होता, तेही मुलाचा हात धरून टूथपेस्ट फासू देत उभे होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ ओतलेत?" आम्हां कोणाकडेही उत्तर नव्हते. मुलगा बरा झाला, पण त्याची दोन बोटे अजून पुरती सरळ होत नाहीत.

शेतकरी बंधुभगिनींनो, उष्णता आपल्या घरात, शेतात, गोठ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत वावरत असते. ती कुठून निघते आणि कुठे जाते एवढे जरी ध्यानात आले तरी बऱ्याच गोष्टी आपल्या हातात येतात. म्हणून या वेळचे पान तिच्यासाठी.

गरम किती, आणि उष्णता किती

पहिला घोटाळा येथेच होतो. लोहार तापलेल्या फाळावर घण घालतो तेव्हा उडणारी ठिणगी हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. ती हातावर पडली तर चटका बसतो, पण माणूस हात झटकून कामाला लागतो. उलट तांब्याभर पाणी नुसते ऐंशी अंश तापलेले असले आणि ते पायावर सांडले, तर महिनाभर अंथरूण धरावे लागते. ठिणगीचे तापमान जास्त, पण तिच्या कणभर वजनात उष्णता ती किती मावणार? तापमान म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी, आणि उष्णता म्हणजे त्या विहिरीतले एकूण पाणी, असे समजा. अरुंद बोअरमध्ये पातळी वर असेल, पण उपसा कमीच.

त्यातही सगळ्या वस्तू सारख्या नसतात. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात एक किलो लोखंड आठ-नऊ अंशांनी तापते. पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. रात्री तळ्याचे पाणी कोमट लागते आणि शेजारची वाळू गार पडलेली असते, ती याच कारणाने.

एके काळी विद्वान मंडळी असे मानत की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे व तो वस्तूवस्तूंतून वाहतो. 1798 साली काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या तोफखान्यात एक गंमत करून दाखवली. तोफेचे पितळ बोथट गिरमिटाने घोड्यांच्या बळावर कोरायला लावले आणि भोवती पाणी ठेवले. अडीच तासांत ते पाणी खळखळा उकळले, विस्तव नावालाही नव्हता. घोडे फिरताहेत तोवर उष्णता निघतेच आहे. मग पितळात द्रव साठलेला होता तो संपत कसा नाही? पुढे 1840 च्या दशकात इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी मोजून दाखवले की कष्ट आणि उष्णता यांचा हिशेब ठरलेला आहे. अमुक इतके काम केले की तमुक इतकी उष्णता मिळणारच. उष्णता म्हणजे वस्तूतल्या सूक्ष्म कणांची धावपळ. गाडीच्या आसाला वंगण घालायचे राहिले की तो का तापतो, हे आपल्या आजोबांना म्युनिकला न जाताही ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

ही धावपळ जास्त असलेल्या वस्तूकडून कमी असलेल्या वस्तूकडे जाते, आणि दोन्ही सारख्या होईपर्यंत जात राहते. आपणहून उलटी कधीच जात नाही. आपण म्हणतो 'अंगात थंडी शिरली'. थंडी शिरत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडते. घोंगडीसुद्धा ऊब देत नाही, ती आपलीच ऊब आपल्यापाशी राखते. खात्री पटत नसेल तर बर्फवाल्याकडे पाहा. तो भर उन्हात बर्फाच्या लादीवर भुसा आणि पोती घालतो. घोंगडी गरम असती तर तिने बर्फ वितळवला असता.

तीन वाटा

उष्णतेला जायला तीन वाटा आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतात.

पहाटे नांगर धरायला जाल तेव्हा आधी लाकडी रुमण्याला हात लावा, मग लोखंडी फाळाला. फाळ बर्फासारखा लागतो. पण दोघेही रात्रभर एकाच शेतात पडलेले, दोघांचे तापमान जवळजवळ सारखेच. फरक इतकाच की लोखंड आपल्या हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड घेत नाही. दुपारी उन्हात तोच फाळ चटका देतो, कारण आता उष्णता उलट दिशेने, त्याच्याकडून आपल्याकडे, तितक्याच झपाट्याने येते. हे वहन. यात सर्वांत आळशी म्हणजे स्थिर हवा. लोकर, कापूस, भाताचे पिंजर, कोंबडीची पिसे या सगळ्यांची करामत ती धरून ठेवत असलेल्या हवेची आहे.

हवा किंवा पाणी हलू लागले की दुसरी वाट उघडते. तापलेले पाणी हलके होऊन वर येते, गार खाली जाते, आणि अख्खे भांडे तापते. हवेचेही तसेच. म्हणूनच गोठ्याच्या आढ्यापाशी हवेला वाट ठेवावी. जनावरांच्या अंगाची गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. आढे बंद असेल तर ती तिथेच कोंडते आणि गाई धापा टाकतात.

तिसरी वाट अजब आहे, कारण तिला मध्ये काहीही लागत नाही. सूर्याची उष्णता पोकळीतून येते. चुलवाणासमोर उभे राहिलो की तोंड भाजते आणि पाठ गारच राहते, म्हणजे ती उष्णता हवेतून नव्हे, सरळ विस्तवाकडून येते. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी जो जीव कासावीस होतो तोही बराचसा यामुळेच. पत्रा उन्हाने तापतो आणि खाली बसलेल्या माणसांवर स्वतःच लहानसा सूर्य होऊन बसतो. त्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात मारला, तर ऊन बरेचसे परतून जाते. पत्र्याखाली बांबूची चटई वा पिंजराचा थर देऊन मध्ये वीतभर हवा ठेवली तर आणखी बरे. मात्र पिंजर चुलीपासून दूर असावे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आज स्वस्त म्हणून कौले उतरवून पत्रे चढताहेत. खर्चाचे गणित आम्हांला कळते, पण आजारी माणूस व तान्हे मूल ज्या खोलीत असेल तिच्यावरची कौले तरी ठेवा, अशी आमची विनंती आहे.

वाफेचा हिशेब

आता गुऱ्हाळाकडे परत. एक लिटर पाणी 25 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 75 किलोकॅलरी उष्णता लागते. पण उकळायला लागल्यावर त्याच पाण्याची संपूर्ण वाफ करायला आणखी 540 लागतात, म्हणजे सातपट. आणि इतकी उष्णता पोटात घालूनही वाफेचे तापमान 100 च राहते. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या सुमारास हे प्रथम ओळखले. थर्मामीटरला न दिसणारी ही उष्णता, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली स्वयंपाकघरातली. भाताला एकदा उकळी फुटली की जाळ मोठा करून भात लवकर शिजत नाही. पाणी उकळीच्या वर तापतच नाही, फक्त वाफ जास्त होते आणि गॅस किंवा लाकूड वाया जाते. उकळी आली की जाळ कमी करून झाकण ठेवावे. (बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्याने इथे पाणी 97-98 अंशांतच उकळते. गोव्याच्या नातलगांपेक्षा आपली डाळ थोडी उशिरा शिजते, त्यात सुनेचा दोष नाही.)

दुसरी गोष्ट चुलवाणाची. एक टन उसाच्या रसातून गूळ करायचा तर साधारण पाचशे लिटर पाणी वाफ करून घालवावे लागते. रस तापवायला एक हिस्सा उष्णता लागत असेल तर वाफ करायला सहा हिस्से लागतात. आता ओली चिपाडे जाळा. घाण्यातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी चुलवाणातच वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते, आणि त्यासाठी लागलेली उष्णता तुमच्या काहिलीला मिळत नाही. चिपाडे चार दिवस चांगली वाळवून, पावसाच्या शिंतोड्यापासून झाकून ठेवली, तर टायर किंवा प्लॅस्टिक जाळायची वेळच येत नाही. टायरच्या धुराचा त्रास गुऱ्हाळाच्या गड्यांना होतो, तसा शेजारच्या वस्तीलाही होतो, हे वेगळे सांगायला नको.

भाजल्यावर पहिली वीस मिनिटे

उसाचा पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो, त्याला कारणे आहेत. साखर दाट होत जाते तसा उकळण्याचा अंश चढत जातो. गूळ उतरायच्या वेळी पाक 115 ते 120 अंशांच्या दरम्यान असतो. पाणी सांडले तर ओघळून जाते, पाक चिकटून बसतो आणि आपली सगळी उष्णता त्या एकाच जागी सोडतो. वाफेचा चटकाही असाच फसवा. वाफ कातडीवर पाणी होते तेव्हा ते लपवलेले 540 परत देते.

60 अंशांचे पाणी मोठ्या माणसाला सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. पण खरा मुद्दा पुढचा आहे. तापलेला पदार्थ दूर झाला तरी भाजणे थांबत नाही. उष्णता कातडीत शिरलेली असते आणि ती नेहमीप्रमाणे गरम भागाकडून थंड भागाकडे, म्हणजे आत आत, मांसाकडे जात राहते. तिला बाहेरची वाट द्यायची तर बाहेर काहीतरी गार, आणि सतत बदलणारे हवे. ते म्हणजे वाहते पाणी. तूप, तेल, टूथपेस्ट, पीठ, चिखल यांचा थर दिला की त्या जागेवर आपण घोंगडीच टाकतो. वर जंतू शिरतात, आणि डॉक्टरांना जखम दिसायला तो थर खरवडून काढावा लागतो. मुलाच्या त्या किंकाळ्या आम्ही ऐकल्या आहेत.

म्हणून भाजलेला भाग लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा आणि पुरी वीस मिनिटे धरा. घड्याळ पाहून. दोन मिनिटांनी कळ कमी होते, मूल पळू पाहते, आयांना वाटते झाले आता. पण आतली उष्णता अजून निघालेली नसते. नळ नसेल तर तांब्या-तांब्याने ओतत राहा. घटनेनंतर तीन तासांपर्यंतसुद्धा हे केल्याने फायदा होतो, म्हणून 'आता उशीर झाला' म्हणून सोडू नका. बर्फ मात्र नको. त्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि दुखावलेली कातडी आणखी मरते. हातातल्या बांगड्या, अंगठी, कडे सूज येण्याआधी काढा. कपडा किंवा पाक कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, पाण्याने जितका सुटेल तितका सुटू द्या. फोड फोडू नका. मग धुतलेले स्वच्छ सुती फडके सैल झाकून दवाखान्यात न्या. जखम भाजलेल्याच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तभाग येथे असेल, तर घरी उपचार करत बसू नये. लहान मूल असेल तर पाणी फक्त भाजलेल्या भागावर ओता आणि बाकीचे अंग कोरडे व पांघरलेले ठेवा, कारण ओल्या मुलाला हुडहुडी भरायला वेळ लागत नाही.

'पाण्याने फोड येतात' हे खरे नाही. फोड उष्णतेने येतात. पाणी ओतले तरी जे यायचे ते येतील, पण पुष्कळदा कमी आणि उथळ.

माठ आणि विटांची कोठी

वाफेच्या चटक्यात जो अप्रकट उष्मा कातडी भाजतो तोच माठात आपल्यासाठी राबतो. खानापूरच्या मातीचा माठ पाझरतो. पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता मागते, आणि ती माठातल्या पाण्याकडून घेते. हिशेब करून पाहा. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला शंभर किलोकॅलरी काढून न्याव्या लागतात; हवेच्या साध्या तापमानाला एक लिटर पाणी उडताना सुमारे 580 घेऊन जाते. म्हणजे पेलाभर पाणी उडाले की काम झाले. बाहेरून आत येणारी उष्णता धरली तर थोडे अधिक. माठ वाऱ्यात, सावलीत, तिवईवर ठेवावा. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला तर ओली हवा तिथेच साचते. जुलैत माठ गार करत नाही म्हणून कुंभाराला बोल लावू नका. हवेतच पाणी भरलेले असताना माठाचे पाणी उडणार कुठे?

याच युक्तीवर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसा संस्थेने, भाजीपाल्यासाठी वीज न लागणारा शीतकक्ष सुचवलेला आहे. झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत विटांचा ओटा करायचा, सुमारे 165 सेंटिमीटर लांब व 115 रुंद. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, साधारण 67 सेंटिमीटर उंच, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट. फटीत नदीची धुतलेली वाळू भरायची, आणि सकाळ-संध्याकाळ वाळू व विटा पाण्याने भिजवायच्या. वर बांबू आणि वाळ्याचे किंवा पिंजराचे झाकण. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहू शकते आणि ओलसरही राहते, त्यामुळे भेंडी, मेथी, टोमॅटो, मिरची बाजाराच्या दिवसापर्यंत टवटवीत राहतात. माल झाकणाच्या पाट्यांत ठेवावा, थेट ओल्या ओट्यावर नको. कांदा, लसूण, रताळी यात मुळीच ठेवू नका. त्यांना कोरडी आणि खेळती हवा लागते, ओलीत ती सडतात. आणि पावसाळ्यात या कोठीकडून फार अपेक्षा धरू नये, माठाचेच कारण तिलाही लागू.

उन्हातला माणूस, उन्हातली गाय

स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ऊस तोडताना, खणताना तीच चार-पाच पट होते. हवा अंगापेक्षा गार असेल तर ती बाहेर जायला तिन्ही वाटा मोकळ्या असतात. पण हवा 37 अंशांच्या वर चढली की वाटा उलट्या फिरतात, हवाच आपल्याला तापवू लागते, आणि हातात एकच उपाय उरतो, घाम. तोही उडाला तरच उपयोगी. कपाळावरून थेंब थेंब गळून गेलेला घाम गारवा देत नाही. म्हणून मे महिन्यात गोव्याला लग्नाला गेलो की 33 अंशांतही जीव घाबरा होतो, आणि आपल्याकडे 37 अंशांच्या कोरड्या उन्हात माणूस काम करून जातो.

घाम गेला की पाणी आणि मीठ दोन्ही गेले. ते भरून काढायला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. ताकात मीठ घालून प्यायलात तरी छान. पण उन्हात काम करणारा माणूस एकाएकी बडबडू लागला, अडखळू लागला, ओळखेनासा झाला, अंग विस्तवासारखे तापले, तर तो साधा थकवा नव्हे. त्याचे शरीर 40 अंशांच्या वर गेले आहे असे धरा. मेंदू, मूत्रपिंड यांना यात मिनिटामिनिटाला इजा होते. सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, अंगभर पाणी ओता, आणि टॉवेलने, सुपाने, हाती येईल त्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे काम करत नाही, कारण हा ताप आजाराचा नाही. 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.

संकरित होल्स्टीन गाय ही मुळात गार देशातली. पंचविशीच्या वर पारा गेला की तिला जड जाऊ लागते, चारा कमी खाते, दूध उतरते. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, म्हणून ती डबके शोधते. तिला आळशी म्हणू नका. वैरण पोटात कुजताना, रवंथ होताना उष्णता तयार होते, तेव्हा उन्हाळ्यात कडबा व वाळली वैरण संध्याकाळी आणि पहाटे टाकावी. दुपारी अंगावर पाणी मारून वारा लागू द्यावा. नुसते पाणी मारून बंद गोठ्यात उभे केले तर गोठा दमट होतो आणि काम उलटे होते.

तान्हे मूल

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. नुकते जन्मलेले मूल आईच्या पोटातल्या 37 अंशांतून एकदम खोलीतल्या 22-25 अंशांत येते, तेही ओले. उष्णता चारही बाजूंनी निघू लागते. ओल्या कातडीवरचे पाणी उडते. गार पाटावर, वजनाच्या काट्यावर ठेवले की वहनाने जाते. दाराच्या फटीतला वारा नेतो. आणि वारा नसला तरी गार भिंतीकडे प्रारणाने जाते. मूल जितके लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने अंग उघडे अधिक. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो तसे ते निवते. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब तयार करणे त्याला जमत नाही. दीड-दोन किलोचे मूल गार पडले की दूध ओढत नाही, दूध न ओढल्याने आणखी गार पडते, आणि घरचे म्हणतात, किती शांत झोपले आहे.

म्हणून जन्मताच मूल कोरड्या फडक्याने पुसून काढावे, ते ओले फडके टाकून द्यावे, आणि मूल उघडेच आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांवर पांघरूण घालावे. डोक्याला टोपरे. पहिली अंघोळ निदान चोवीस तासांनंतर. सुईणबाईंना आणि आजींना हे पटायला जड जाते, 'अंगावरची घाण तशीच कशी ठेवायची' म्हणून. ती घाण नव्हे, तो पांढरा लेप मुलाच्या कातडीला जपतो. कमी वजनाच्या मुलाची अंघोळ तर डॉक्टर सांगेपर्यंत थांबवावी.

कमी दिवसांच्या मुलांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत 1978 च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एदगार रे यांनी सुरू केली, कारण तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून तिला कांगारू माता संगोपन म्हणतात. तेव्हा ती गरिबांची तडजोड वाटली. 2021 साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलोपासून पावणेदोन किलोच्या थोडे वरपर्यंत वजनाची मुले त्यात होती. ज्यांना जन्मल्यापासून लगेच आईच्या छातीशी ठेवले त्यांच्यापैकी 28 दिवसांत शंभरात 12 दगावली. आधी यंत्रात ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिलेल्यांत ती संख्या जवळपास 16 होती. आईचे अंग स्वतःच आपले तापमान राखते, त्यामुळे ते मुलाला जाळत नाही आणि गार पडूही देत नाही. आई आजारी असेल तर बाप, आजी, मावशी कोणीही छातीशी घेऊ शकते. बाप लाजतात, असा आमचा अनुभव आहे. एकदा घेतले की मग सोडायला तयार होत नाहीत.

शेगडीचे काय, असे विचारले जाते. बाळंतिणीची खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नका. कोंडलेल्या खोलीत जळणाऱ्या कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच घात होतो. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून, बाळ दूर ठेवून द्यावा, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. गरम विटा, गरम पाण्याची बाटली बाळाच्या अंगाशी लावू नये. चटका बसला तर बाळ हात काढून घेऊ शकत नाही. बाळाचे पोट आणि तळपाय हाताच्या पाठीने चाचपून पाहावे. दोन्ही कोमट तर सगळे ठीक. पाय गार आणि पोट कोमट, तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी बांधूनच दवाखान्याची वाट धरा. नेताना बाळ वेगळे दुपट्यात गुंडाळून कोणाच्या मांडीवर देऊ नका. पदराच्या आत कातडीला कातडी, डोक्यावर टोपरे, वरून शाल, आणि गाडीची काच वर. दूध पीत असेल तर वाटेतही पाजत राहावे.